विषय: पॅकेज मोडलं तरी सवलत चालूच, आणि तिचा भुर्दंड फक्त माझ्यावर

प्रति,
व्यवस्थापन आणि तक्रार निवारण विभाग

तुमच्या कस्टमर केअरशी बोलून आत्ताच फोन ठेवला. पाठोपाठ 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे' असा मेसेजही आला. काय सोडवलं ते त्यात लिहिलेलं नाही, म्हणून हे पत्र.

पॅकेजची सोय तुम्हीच बनवली आहे, तेव्हा ती कशी चालते हे मी तुम्हाला सांगायला नको. मी फ्रीलान्सर आहे; तुमच्या साइटवर लोगो, वेबसाइटचा मजकूर आणि सोशल मीडियाच्या पोस्ट ही तीन कामं सुटी विकते. डॅशबोर्डवर 'एकत्र विका, जास्त क्लायंट मिळवा' असं तुमचं बटण किती तरी दिवस लुकलुकत होतं. ते दाबलं, २० टक्के सवलतीचं पॅकेज तयार झालं, क्लायंटही आला. त्याने लोगो मंजूर केला, मूळ फाइल्स उतरवून घेतल्या आणि उरलेली दोन्ही कामं रद्द केली. तुमच्या सिस्टिमने मला लोगोचे पैसे दिले, पण २० टक्के कापून. पॅकेज राहिलं नाही, सवलत तेवढी राहिली.

क्लायंटवर माझा राग नाही. त्याला तुमच्या स्क्रीनवर 'हा भाग रद्द करा' असं बटण दिसलं, त्याने ते दाबलं. दाबण्यापूर्वी 'सवलत रद्द होईल, लोगोचा सुटा दर लागू होईल' अशी एक ओळ दिसली असती, तर त्याने दोनदा विचार केला असता. ती ओळ लिहिणं तुमचं काम होतं.

सवलत मी का देते, हे तुमच्या प्रॉडक्ट टीमला खरंच माहीत आहे का, अशी मला आता शंका आहे. तीन कामं एकाच क्लायंटची असली की ब्रीफ एकदाच घ्यावा लागतो. त्याचा धंदा, गिऱ्हाईक, रंग, भाषा हे सगळं एकदाच समजून घ्यायचं. बिल एक, पाठपुरावा एक, आणि मधल्या काळात नवा क्लायंट शोधत बसावं लागत नाही. त्या वाचलेल्या वेळातला काही भाग मी क्लायंटला सवलत म्हणून परत करते. कामं रद्द झाली की तो वेळ वाचतच नाही. पुढच्या दोन कामांसाठी राखून ठेवलेले दिवस रिकामे जातात, ते वेगळंच. म्हणजे ज्या कारणासाठी सवलत होती ते कारणच संपलं. मग सवलत कशाच्या आधारावर उभी आहे?

२० टक्के सवलत दिली की तेवढीच कमाई करायला २५ टक्के जास्त काम करावं लागतं, हा हिशोब शाळेतला आहे. तो मला मान्य होता, कारण तीन कामं मिळणार होती. एका लोगोसाठी मी तो कधीच मान्य केला नसता.

आता कमिशन. तिन्ही कामांचे सुटे दर मिळून १०० धरा, त्यात लोगोचे ४०. पॅकेज पूर्ण झालं असतं तर क्लायंटने ८० दिले असते. पण तुम्ही १५ टक्के कमिशन सवलतीआधीच्या दरावर कापता, म्हणजे १५. प्रत्यक्ष आलेल्या ८० वर ते पावणेएकोणीस टक्के होतं. सवलतीत सहभागी न होता सवलतीच्या जाहिरातीत मात्र तुमचा लोगो सगळ्यात मोठा! माझ्या बाबतीत क्लायंटने लोगोचे ३२ दिले, तुम्ही ४० वर ६ कापले, मला मिळाले २६. हाच लोगो मी सुटा विकला असता तर ३४ मिळाले असते. तुमची सोय वापरल्याबद्दल जवळजवळ चौथा हिस्सा दंड. तुमचे ६ दोन्हीकडे ६च.

रिव्हिजनचंही सांगून टाकते, कारण तेही याच पॅकेजमुळे झालं. माझ्या प्रत्येक कामात दोन रिव्हिजन असतात. तुमच्या सिस्टिमने त्यांची बेरीज करून पॅकेजच्या पानावर 'एकूण ६ रिव्हिजन' असं छापलं. क्लायंटने सहाच्या सहा लोगोवर वापरल्या. निळा गडद करा, थोडा फिका करा, पहिला होता तोच बरा होता. मी विरोध केला तर तुमच्या चॅटमधून उत्तर आलं की पॅकेजच्या अटींनुसार ग्राहक रिव्हिजन कुठेही वापरू शकतो. कोणाच्या अटी? मी तर प्रत्येक कामासमोर दोनच लिहिल्या होत्या.

शिवाय पॅकेजची मुदत. तिन्ही कामांत सगळ्यात जास्त दिवस ज्याला लागतात तीच मुदत तुम्ही पूर्ण पॅकेजला लावली, जणू माझे तीन हात तीन टेबलांवर एकाच वेळी चालतात. मजकूर ठरल्याशिवाय पोस्ट होत नाहीत. सुरुवातीलाच माझ्या नावापुढे 'उशीर' असा लाल शिक्का बसला, तो अजून आहे.

पॅकेजची कल्पना वाईट आहे असं मी म्हणत नाही. १९९० साली मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठी वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंट मिळून ऑफिस आणलं, त्यालाही साडेतीन दशकं होऊन गेली. पण सॉफ्टवेअरची आणखी एक प्रत काढायला कंपनीला जवळजवळ काही खर्च येत नाही, त्यामुळे तिथे सवलत द्यायला जागा असते. मी एका क्लायंटसाठी लिहिलेला मजकूर दुसऱ्याला विकू शकत नाही. प्रत्येक काम नव्याने, तितकेच तास बसून करावं लागतं. सॉफ्टवेअरचं गणित माणसांच्या तासांना तसंच्या तसं चिकटवलं की काय होतं, ते वर लिहिलंय.

आणि माझ्या सुट्या सेवा पॅकेजखाली, 'आणखी पाहा'च्या मागे का लपवल्या? पुढे अमेरिकेच्या अर्थमंत्री झालेल्या जॅनेट येलेन यांनी विल्यम ॲडम्स यांच्यासोबत १९७६ साली एकत्र विक्रीवर शोधनिबंध लिहिला. पॅकेजही ठेवायचं आणि त्याच वस्तू सुट्याही विकायच्या, ही पद्धत फायद्याची का ठरू शकते याचं विश्लेषण त्यात आहे. प्रत्येकाची गरज वेगळी, ज्याला जे हवं ते तो निवडतो. ज्याला फक्त लोगो हवा होता त्याला माझ्या पानावर फक्त लोगो सापडलाच नसेल. त्याने पॅकेज घेतलं आणि नको ते काढून टाकलं. बरोबरच केलं की!

आता त्या फोनबद्दल. शब्द जसेच्या तसे लिहिते आहे. तुमच्याकडे रेकॉर्डिंग असेलच, 'गुणवत्तेसाठी'.

प्रतिनिधी म्हणाले, "मॅम, सिस्टिममध्ये तर ऑर्डर कम्प्लीट दाखवतंय."

मी म्हटलं, "कम्प्लीट कशी? तीनपैकी दोन कामं रद्द झाली आहेत."

"हो मॅम, म्हणूनच कम्प्लीट दाखवतंय. आता काही बाकी राहिलं नाही ना."

यावर मी काहीच बोलले नाही. काय बोलणार? मग त्यांनी विचारलं, "मॅम, सवलत कोणी दिली होती?" मी म्हटलं, "मी." ते म्हणाले, "मग?"

एवढंच. "मग?" आणि गप्प. माझ्या उत्तराची वाट बघत होते, वर्गात चुकीचं उत्तर दिलेल्या मुलाकडे मास्तर बघतात तसे. मी पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं: सवलत तीन कामांची होती, एका कामाची नव्हती. त्यांनी ऐकून घेतलं, मला होल्डवर ठेवलं, तुमच्या जाहिरातीची धून पूर्ण ऐकवली आणि परत येऊन म्हणाले, "मॅम, मी आपली अडचण समजू शकतो. पण सवलत क्लायंट मिळावा म्हणून असते. क्लायंट मिळाला. काही मेंबर्सचे तर एकही ऑर्डर नाही म्हणून फोन येतात."

म्हणजे मी आभार मानायला हवे होते.

पण खरा कहर पुढे आहे. "मॅम, आपल्यासाठी एक ऑफर आहे," ते म्हणाले. प्राधान्य सपोर्ट, प्रोफाइलची जाहिरात आणि कायदेशीर कराराचे नमुने, तिन्ही एकत्र घेतलं तर २० टक्के सवलत. ते घेतलं तर माझी तक्रार 'वरच्या टीमकडे' जाईल. तक्रार ऐकून घ्यायचंही पॅकेज! मी शांतपणे विचारलं (माझा तेवढा संयम कुठून आला कोण जाणे), "यातला सपोर्ट वापरून झाला आणि बाकीचं दोन मी रद्द केलं, तर सपोर्ट मला सवलतीच्याच दरात पडेल ना?"

तत्काळ उत्तर आलं. होल्ड नाही, धून नाही. "नाही मॅम. मग वापरलेल्या सेवेचा हिशोब मूळ दराने होतो. अटींमध्ये आहे."

मी अटी उघडून बघितल्या. आहे. मोठ्या अक्षरात आहे. पॅकेज मोडलं तर मूळ दर लागू होतो, हा साधा नियम तुम्हाला माहीत आहे, तुमच्या वकिलाला माहीत आहे, तुमच्या फोनवरच्या मुलाला तर तोंडपाठ आहे. फक्त तो तुमच्या पॅकेजपुरता आहे. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, यापेक्षा वेगळं काय म्हणू?

तांत्रिक अडचण असती तर मी समजून घेतलं असतं. तुम्ही लहान होतात तेव्हाही तुमच्या सिस्टिमला अडचणी यायच्या, पण तेव्हा निदान माणूस फोन उचलून "आमचं चुकलं" म्हणायचा. त्या भरवशावर मी ओळखीच्या कितीतरी फ्रीलान्सरना तुमच्याकडे पाठवलं. आता त्यांचे मला फोन येतात, पॅकेज करू का म्हणून. मी काय सांगत असेन याचा अंदाज करा.

मला हवं ते असं. लोगोचा हिशोब सुट्या दराने करून फरक माझ्या खात्यात जमा करा. तो क्लायंटकडून घ्यायचा की तुमच्या खिशातून, हे तुम्ही बघा. हा नियम त्याला वेळेत दाखवला नाहीत तुम्ही. कमिशन प्रत्यक्ष आलेल्या रकमेवर लावा. 'उशीर'चा शिक्का काढा. आणि पॅकेज मोडल्यावर मूळ दर लागू होण्याची अट, जी तुम्ही स्वतःसाठी इतकी सुबक लिहिली आहे, ती आमच्या पॅकेजनाही लावा. नवीन काही लिहायचं नाही, कॉपी करून पेस्ट करायचं आहे.

सात दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर वार्षिक वर्गणीची रक्कम परत मिळावी म्हणून मी बँकेकडे दावा लावणार आहे आणि तुमच्या अटींची दोन्ही पानं शेजारीशेजारी ठेवून वकिलाला दाखवणार आहे. तोवर माझी सगळी पॅकेजेस बंद केली आहेत. बंद करताना तुमच्या सिस्टिमने विचारलं, 'खात्री आहे? तुम्ही क्लायंट गमावू शकता.' गमावला आहे, २० टक्के सवलतीत.

उत्तर याच ईमेलवर द्या. फोन करू नका, आणि ऑफर तर अजिबात पाठवू नका.

वार्षिक वर्गणी पूर्ण भरलेली, विनासवलत,
आपली एक सभासद