मतदानाला न आलेली बाई उभ्या बाटलीच्या बाजूने का मोजता? : राज्य उत्पादन शुल्क मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, राज्य उत्पादन शुल्क,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : गावातील दारूदुकान बंद करण्यासाठी होणाऱ्या महिला मतदानाच्या मोजणीची पद्धत बदलण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

2008 साली राज्य शासनाने काढलेल्या आदेशामुळे गावातील महिलांना एक असा अधिकार मिळाला, जो त्यांच्याइतका थेट राज्यातील दुसऱ्या कोणत्याही मतदाराकडे क्वचितच असेल. गावातील किमान 25 टक्के महिला मतदारांनी सह्यानिशी मागणी केली, सह्यांची पडताळणी झाली आणि त्यानंतर घेतलेल्या गुप्त मतदानात एकूण महिला मतदारांपैकी निम्म्यांहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर, म्हणजे दुकान बंद करण्याच्या चिन्हावर, शिक्का मारला (उभी बाटली म्हणजे दुकान चालू ठेवा), तर परवाना असलेले दुकानही बंद करावे लागते. आमदार, खासदार किंवा सरपंच निवडून देण्यापलीकडे एखाद्या प्रश्नाचा निकाल स्वतःच्या मताने लावण्याची संधी आपल्या व्यवस्थेत फार थोड्या ठिकाणी आहे, आणि त्यांपैकी ही एक आहे. बीड जिल्ह्यात बचत गटांच्या महिलांसोबत या मतदानाच्या तयारीचे काम करणारी एक कार्यकर्ती म्हणून मी हे पत्र लिहीत आहे. आदेश रद्द करा किंवा राज्यभर दारूबंदी करा, अशी माझी मागणी नाही. मोजणीच्या एका नियमामुळे हा अधिकार हातात असूनही वापरता येत नाही, तेवढा नियम आपण बदलावा, इतकेच मागणे आहे.

तो नियम म्हणजे मतांची टक्केवारी झालेल्या मतदानावर न काढता यादीतील एकूण महिला मतदारांवर काढणे. वरवर पाहता यात गैर काही दिसत नाही. रीतसर शुल्क भरून मिळवलेला परवाना मूठभर लोकांच्या मतांवर रद्द होऊ नये, हा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. पण गावात त्याचा हिशेब कसा होतो, ते पाहावे.

समजा, एका गावाच्या यादीत 1000 महिला मतदार आहेत. त्यांपैकी 150 जणी ऊसतोडीला गेल्या आहेत. आणखी 60 नावे लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलींची आणि मयत झालेल्या बायकांची आहेत, जी यादीतून कमी झालेली नाहीत. म्हणजे गावात प्रत्यक्ष 790 जणी उरल्या. त्यांतल्या 560 जणी मतदानाला आल्या, 470 जणींनी आडवी बाटली निवडली आणि 90 जणींनी उभी. मतदान करणाऱ्या दर सहा बायकांपैकी पाच जणींना दुकान नको आहे, तरीही निकाल दुकानाच्या बाजूने लागतो, कारण 501 मते पडली नाहीत. मयत बाई, पुण्याला नांदणारी लेक आणि सांगलीच्या उसाच्या फडात मोळी बांधणारी सून या तिघींचे मत आपल्या नियमाने उभ्या बाटलीच्या खात्यात जमा केलेले असते.

हाच निकष लोकप्रतिनिधींना लावून पाहावा. 20 नोव्हेंबर 2024 रोजी झालेल्या विधानसभा निवडणुकीत राज्यात सुमारे 66 टक्के मतदान झाले. मतदारसंघातील एकूण मतदारांपैकी निम्म्यांहून अधिक मते मिळवणाराच आमदार, असा नियम असता, तर तेवढे मतदान झालेल्या मतदारसंघात उमेदवाराला झालेल्या मतांच्या तीन चतुर्थांशांहून अधिक मते मिळवावी लागली असती. सध्याच्या सभागृहातील किती आसने भरली असती, याचा अंदाज आपण माझ्यापेक्षा चांगला करू शकाल. राज्य चालवायला ज्या प्रमाणात लोकमत पुरते, त्याहून कितीतरी अधिक लोकमत एक देशी दारूचे दुकान हलवायला लागावे, याचे समर्थन मला कुठे सापडत नाही.

मात्र या नियमाचा खरा दोष टक्केवारीत नाही. तो मतदानाच्या गुप्ततेत आहे, आणि त्याकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छिते.

दुकान टिकावे असे ज्यांना वाटते, त्यांनी मतदानाला जाण्याचे कारणच उरत नाही. घरी बसलेली प्रत्येक बाई आपोआप त्यांच्या बाजूने मोजली जात असल्यामुळे परवानाधारकाची माणसे उभ्या बाटलीचा प्रचार करत बसत नाहीत. बायका केंद्रावर पोहोचणार नाहीत, एवढेच ते पाहतात. परिणाम असा होतो की मतदानाच्या दिवशी जिल्हा परिषदेच्या शाळेची पायरी जी बाई चढते, ती आडव्या बाटलीचीच, असे सगळे गाव धरून चालते. आत तिने कोणत्या चित्रावर शिक्का मारला, हे कोणाला कळत नाही आणि कळण्याची गरजही राहत नाही. शाळेसमोरच्या टपरीवर दोन माणसे सकाळपासून बसलेली असतात. एकाच्या हातात वही असते आणि येणाऱ्या प्रत्येक बाईकडे पाहून तो त्यात काहीतरी लिहितो. कदाचित तो काहीच लिहीत नसेल. पण ज्या बाईचा नवरा परवानाधारकाच्या ट्रॅक्टरवर चालक आहे, किंवा ज्या घराने त्याच्याकडून हातउसने पैसे घेतले आहेत, तिला ती वही पुरेशी असते. विधानसभेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत हीच बाई कोणालाही न घाबरता रांगेत उभी राहते, कारण तिथे दोन्ही बाजूंचे मतदार त्याच रांगेत असतात आणि रांगेवरून कोणाचे मत ओळखता येत नाही. आपल्या नियमाने एक बाजू रांगेतूनच काढून टाकली आहे. मग पेटीला कुलूप लावले काय आणि मतपत्रिकेची घडी घातली काय, गुप्ततेला अर्थ राहत नाही.

मतदानाची तारीख हा दुसरा प्रश्न आहे, आणि बीडसारख्या जिल्ह्यात तो निर्णायक ठरतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली जोडपी टोळ्यांबरोबर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती कारखान्यांचे पट्टे पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावरच, परततात. आमच्याकडे कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक, त्यामुळे जाणाऱ्यांत बायका पुरुषांइतक्याच असतात. दारूचा त्रास सर्वाधिक सोसणाऱ्या घरांतल्या बायकाच नेमक्या या काळात गावात नसतात. उन्हाळ्यात सह्या गोळा करून अर्ज द्यावा, पडताळणीला पावसाळा जावा आणि मतदानाची तारीख फड सुरू झाल्यावर लागावी, असे झाले की मतदानाआधीच निकाल लागलेला असतो. हे कोणी मुद्दाम करते, असा आरोप मी करत नाही. कार्यालयाच्या नेहमीच्या गतीनेही तेच घडते.

पडताळणीबद्दलही थोडे लिहिणे आवश्यक आहे. ज्या बायकांनी अर्जावर सही केली, त्यांना मतदार ओळखपत्र घेऊन अधिकाऱ्यांसमोर उभे केले जाते. खोट्या सह्यांना आळा बसावा म्हणून ते योग्यच आहे. पण चाळिशीनंतर बचत गटात सही शिकलेली बाई दर वेळी एकसारखी सही करत नाही. एकदा आडनाव लिहिते, एकदा विसरते. यादीत तिचे नाव ‘कौसाबाई’ असते आणि आधार कार्डावर ‘कौशल्या’. असे अर्ज बाद होऊ लागले की 25 टक्क्यांचा आकडा गाठण्यासाठी प्रत्यक्षात 40 टक्के सह्या घेऊन जाव्या लागतात. समोर बाई उभी आहे, ती ‘सही माझीच’ म्हणून सांगते आहे, तिचा फोटो यादीतल्या फोटोशी जुळतो आहे, एवढे पुरावे असताना अक्षराच्या वळणावरून तिला परत पाठवू नये, अशा स्पष्ट लेखी सूचना आपल्या कार्यालयातून जाव्यात. शिवाय ज्या विभागाला दरवर्षी महसुलाचे उद्दिष्ट दिलेले असते, त्याच विभागाकडे महसूल देणारे दुकान बंद करण्याच्या अर्जाची छाननी असावी, हे त्या विभागातील प्रामाणिक अधिकाऱ्यांच्या दृष्टीनेही अवघड आहे. पडताळणी आणि मतदान ही दोन्ही कामे तहसीलदारांमार्फत, निवडणुकीचा सराव असलेल्या यंत्रणेकडे द्यावीत.

आता मोजणीविषयी नेमकी सूचना. झालेल्या मतदानाच्या साध्या बहुमतावर निर्णय व्हावा, एवढेच म्हटले तर आपले अधिकारी लगेच विचारतील की उद्या शंभर बायकांनी येऊन दुकान बंद केले तर? प्रश्न रास्त आहे. त्यावर किमान मतदानाची अट घालण्याचा मोह होईल, पण तो टाळावा. कारण अमुक टक्के मतदान झालेच पाहिजे असे म्हटले की बायकांना घरी बसवण्याचा डाव पुन्हा लागू होतो. त्याऐवजी आडव्या बाटलीची मते उभ्या बाटलीपेक्षा जास्त असावीत आणि ती यादीतील एकूण महिला मतदारांच्या किमान 25 टक्के असावीत, अशी दुहेरी अट ठेवावी. मतदान मागण्यासाठी जेवढ्या बायकांचा पाठिंबा कायद्याला पुरेसा वाटतो, तेवढ्या बायकांनी गुप्तपणे तोच कौल पुन्हा दिला आणि विरोधातली मते त्याहून कमी पडली, तर दुकान बंद व्हावे. अशा नियमात उभ्या बाटलीच्या बाजूच्या लोकांनाही मत द्यायला यावेच लागेल. त्यांनीही यावे, असेच मला वाटते. एखाद्या गावातील बहुसंख्य बायकांनी समोरासमोरच्या मतदानात दुकान राहू द्या असे म्हटले, तर आम्ही तो निकाल मान्य करू आणि ठरलेला काळ लोटल्यावर पुन्हा लोकांकडे जाऊ.

याबरोबर मतदानापूर्वी त्या गावाच्या यादीची विशेष तपासणी व्हावी. मयत आणि कायमस्वरूपी स्थलांतरित मतदारांची नावे नमुना 7 भरून कमी करण्याची सोय आहेच. बीएलओंना, म्हणजे मतदारयादीचे काम पाहणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांना, त्या गावापुरती मोहीम दिली तर काम आठवड्याभराचे आहे. अर्ज दिल्यापासून मतदानापर्यंतच्या प्रत्येक टप्प्याला दिवसांची मर्यादा असावी, ती पाळली न गेल्यास जबाबदारी निश्चित व्हावी आणि ऊसतोड कामगारांच्या गावांत गळीत हंगामात मतदान घेऊ नये. हंगाम कधी सुरू होतो आणि कधी संपतो, हे शासनाला साखर आयुक्तालयाकडून कळतेच.

दुकान बंद झाले की चोरटी दारू वाढते, हा आक्षेप आपल्यापुढे येईल. तो निराधार आहे असे मी म्हणणार नाही. गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे, चंद्रपुरात ती 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये मंत्रिमंडळाने उठवली, आणि दोन्ही जिल्ह्यांबद्दलचे वाद अजून मिटलेले नाहीत. मात्र जिल्ह्याच्या जिल्हा वरून बंद करणे आणि एका गावाने स्वतः मत देऊन एक दुकान बंद करणे यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारात त्या निर्णयावर लक्ष ठेवणाऱ्या चारपाचशे बायका गावातच असतात. हातभट्टी कोणाच्या गोठ्यामागे लागते, कोणत्या धाब्यावर टेबलाखालून बाटली मिळते, हे त्यांना पोलिसांच्या आधी कळते. त्यांच्या तक्रारीवर पोलीस किती वेळात येतात, हा प्रश्न गृहखात्याचा आहे.

शहरांतील गृहनिर्माण संस्थांच्या आवारात नवे दारूदुकान काढायचे असेल, तर त्या संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागेल, असे शासनाने मार्च 2025 मध्ये विधानसभेत जाहीर केले. त्या निर्णयाचे स्वागतच आहे. परंतु इमारतीखाली दुकान येऊ नये म्हणून शहरातल्या रहिवाशाने नुसते ना-हरकत नाकारले तरी पुरे, आणि वस्तीशेजारचे दुकान हलावे म्हणून खेड्यातल्या बाईने मात्र यादीतल्या मयतांचीही मते मिळवावीत, हा भेद आपल्याही नजरेतून सुटू नये.

राजकारणात महिलांचा सहभाग वाढावा, असे प्रत्येक पक्ष म्हणतो. 2011 पासून राज्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत आणि नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूदही आहे. तरीही महिला सभा पुष्कळदा नोंदवहीतच भरते आणि सरपंचबाईंच्या खुर्चीशेजारी त्यांचे यजमान बसतात, हे आपण दौऱ्यांत पाहिले असेलच. आडव्या बाटलीच्या मोहिमेत चित्र वेगळे दिसते. मतदारयादी हातात घेऊन वाड्यावस्त्यांवर फिरणे, कोणाचे नाव कुठल्या भागात आहे ते शोधणे, तहसील कार्यालयात अर्ज देऊन पोच घेणे, पोच नाकारली तर टपालाने पाठवणे, माहितीच्या अधिकारात विचारणा करणे, विरोधातल्या घरी जाऊन शांतपणे बोलणे, ही सगळी कामे बायका स्वतः करतात, कारण त्यांच्या वतीने हे करायला त्यांचे यजमान उत्सुक नसतात. पुढे त्यांतल्याच काही जणी रेशनचा आणि पाणीपुरवठ्याचा हिशेब मागायला उभ्या राहतात, एखादी ग्रामपंचायतीचा अर्जही भरते. पाचशे साठपैकी चारशे सत्तर मते मिळवूनही हरलो, असे ऐकल्यावर मात्र त्या पुन्हा बाहेर पडत नाहीत. त्यांना मी काय समजावून सांगावे, ते मला अद्याप सुचलेले नाही.

हा नियम मुळात शासनाच्या आदेशाने आला असल्यामुळे त्यातील दुरुस्ती आपल्या विभागाच्या अखत्यारीत आहे. येत्या गळीत हंगामासाठी टोळ्या गाव सोडण्यापूर्वी दुरुस्तीचा मसुदा हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध करावा आणि तो फक्त विभागाच्या संकेतस्थळावर न ठेवता ग्रामपंचायतीच्या फलकावर लावून महिला सभेत वाचून दाखवण्याचे आदेश द्यावेत, ही विनंती.

आपली विश्वासू,
दारूबंदी मतदानाच्या कामातील एक कार्यकर्ती व मतदार,
जिल्हा बीड