घाणेरीचा काढा पिण्याआधी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सुरू झाला की सर्दी-खोकल्यावरच्या काढ्यांचे संदेश मोबाइलवर फिरू लागतात. त्यांपैकी एका संदेशात ‘वाइल्ड सेज’ची पाने उकळून पिण्याचा सल्ला आहे आणि सोबतच्या छायाचित्रात आपल्या माळरानावरची घाणेरी, म्हणजेच टणटणी, आहे. हा घोटाळा नावातून झाला आहे. इंग्रजीत घाणेरीलाही ‘वाइल्ड सेज’ म्हणतात. परंतु खरा सेज म्हणजे साल्विया, तो तुळस-पुदिन्याच्या कुळातला. घाणेरी मूळची अमेरिकेतली, तिचे कूळही वेगळे आणि तिच्या पानांतली रसायनेही वेगळी. साल्वियावर झालेल्या संशोधनाचे श्रेय नामसाधर्म्यामुळे घाणेरीच्या पदरात पडते आहे, म्हणून हे पत्र.

मी निवृत्त पशुवैद्यक आहे. एरवी जनावरे घाणेरीला तोंड लावत नाहीत. मात्र 2003 च्या दुष्काळात माण तालुक्यात वैरण संपली तेव्हा त्यांनी ती खाल्ली. एक काळी-पांढरी संकरित गाय मला अजून आठवते. तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते, शेण खडे पडल्यासारखे घट्ट होते, आणि अंगावरच्या पांढऱ्या पट्ट्यांची कातडी सोलून निघाली असताना लगतच्या काळ्या भागावर साधा ओरखडाही नव्हता. घाणेरीतल्या लँटाडीन या द्रव्यांमुळे यकृत बिघडते, पित्त अडते आणि एरवी पित्तावाटे बाहेर पडणारे, हिरव्या चाऱ्यातल्या हरितद्रव्यापासून बनलेले फायलोएरिथ्रिन रक्तात साठते. मग ऊन लागताच रंगद्रव्य नसलेली त्वचा भाजून निघते. त्या गाईला आम्ही पहिल्यांदा सावलीत बांधले, औषध नंतर.

घाणेरीत औषधी गुण नाहीतच, असे माझे म्हणणे नाही. तिच्या पानांच्या अर्काने काही जिवाणूंची वाढ रोखली जाते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. परंतु असे अर्क अनेकदा मिथेनॉलमध्ये काढलेले असतात आणि घरी आपण पाने पाण्यात उकळतो. दोन्हींत उतरणारी द्रव्ये सारखी नसतात. शिवाय काचेच्या बशीतले जिवाणू व्हिनेगरनेही मरतात, म्हणून ते न्यूमोनियावरचे औषध ठरत नाही. अर्काने यकृताला किती मात्रेपासून इजा होते, हे आधी प्राण्यांवर पाहावे लागते आणि त्यानंतर, नीतिसमितीच्या परवानगीने, माणसांवरच्या चाचण्या येतात. घाणेरीच्या सगळ्या जाती सारख्या विषारी नाहीत, ही अडचण निराळीच. तपासलेल्या झुडपाचा नमुना पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणासारख्या संस्थेच्या वनस्पतिसंग्रहात जमा नसेल, तर नेमके काय तपासले हे पुढच्या संशोधकाला कळणारच नाही. (पिकलेली काळी फळे आम्हीही लहानपणी गुरांमागे हिंडताना खाल्ली आहेत, त्यावरून पानांचा काढा निर्धोक ठरत नाही.)

खऱ्या सेजची परीक्षा कशी झाली, हे पाहण्यासारखे आहे. 2003 साली तेहरानच्या संशोधकांनी अल्झायमरच्या थोड्या रुग्णांवर साल्वियाच्या अर्काची चार महिने चाचणी घेतली. काही रुग्णांना अर्क, काहींना निष्क्रिय द्रव, आणि कोणाला काय दिले हे रुग्णालाही ठाऊक नाही. निकाल आशादायक होता, पण तेवढ्या लहान चाचणीवरून साल्विया हे अल्झायमरवरचे सिद्ध औषध ठरले नाही. त्याच सेजच्या तेलातले थुजोन जास्त मात्रेत पोटात गेल्यास झटके येऊ शकतात, हेही विसरता येत नाही.

आपल्या दैनिकात वनौषधींवरील संशोधनाच्या बातम्या येतात. त्या छापताना वनस्पतीचे शास्त्रीय नाव, अर्क कशात काढला आणि चाचणी बशीत, उंदरांवर की माणसांवर झाली, एवढे तरी द्यावे, ही विनंती. आणि ज्यांनी हा काढा घेतला असेल त्यांनी तो आजच थांबवावा. डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली, तर डॉक्टरांकडे जाताना त्या झुडपाची एक फांदी सोबत न्यावी.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्यक, सातारा