खाणमंत्री साहेब, आम्ही ‘लोक’ आहोत की नाही?

मा. केंद्रीय खाणमंत्री यांस,

स.न.वि.वि.

आपण कामात असाल, तरी थोडा वेळ घेतो. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला शेतकरी. परवाच्या पावसात वरच्या खाणीच्या डंपची, म्हणजे टाकाऊ ढिगाची, तांबडी माती पुन्हा माझ्या शेतात उतरली. उन्हाळ्यात पाहणीला आलेले एक साहेब मेरेवर उभे राहून, आमच्याच घरचं कोकम सरबत पीत म्हणाले होते, “मिरगाआधी गाळ काढून देतो.” मिरग गेला, नागपंचमी गेली, आता चवथ तोंडावर आली. लावलेल्या रोपांवर घोटाभर चिखल आहे. चार दिवस ऊन पडलं की त्याची वीट होते, कुदळ मारली तर ठणकन वाजते. बायको म्हणते, भात राहू दे, विटाच पाडू.

14 डिसेंबर 1962 ला संयुक्त राष्ट्रांनी 1803 क्रमांकाचा ठराव केला. नैसर्गिक संपत्तीवर कायमची सत्ता लोकांची आणि राष्ट्रांची, आणि ती वापरायची तिथल्या लोकांच्या भल्यासाठी. गोवा मुक्त होऊन तेव्हा वर्षही भरलं नव्हतं. पोर्तुगीजांनी दिलेली खाणींची कन्सेशन्स, म्हणजे खाणहक्क, रद्द व्हायला मात्र 1987 साल उजाडलं, आणि रद्द होताच तीच त्याच धारकांची लीज, म्हणजे भाडेपट्टे, झाली! डोंगर बार्जमध्ये बसून मांडवीतून मुरगावला, तिथून जपान-चीनला गेला. खाली उरलेला माझ्याकडे आला.

केंद्रानेच नेमलेल्या शहा आयोगाने गोव्यातल्या बेकायदा खाणकामाचं नुकसान 35 हजार कोटींच्या घरात सांगितलं होतं. गोव्याची वस्ती 15 लाख धरा, आमच्या घरातल्या पाच जणांच्या वाट्याला साडेअकरा लाखांवर येतात. हिशेब चुकला असेल तर दुरुस्त करून पाठवा, चेकसकट. आमच्याकडे देवळाच्या नारळांचीसुद्धा पावणी, म्हणजे लिलाव, होते. 88 लीजांचं नूतनीकरण मात्र पावणीशिवाय झालं, ते 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाला रद्द करावं लागलं. ते राज्याने केलं, म्हणाल. माझ्या शेतातली माती राज्याची की केंद्राची, ते एकदा आपापसात ठरवा.

1979 मध्ये भारताने मानवी हक्कांचे दोन मोठे करार मान्य केले. दोन्हींच्या पहिल्याच कलमात लिहिलंय, कुठल्याही लोकांचं जगण्याचं साधन कोणत्याही परिस्थितीत हिरावून घेता येणार नाही. त्याच कलमाला आपल्या सरकारने शेपूट जोडलं: स्वयंनिर्णयाचा हक्क फक्त परक्या सत्तेखालच्या लोकांना. म्हणजे पोर्तुगालच्या हुकूमशहा सालाझारच्या राज्यात मी ‘लोक’ होतो, तुमच्या राज्यात उताऱ्यावर नाव नसलेला उपद्रव!

आणि परकी कंपनी? कोळसा खाणीच्या वादात एका ऑस्ट्रेलियन कंपनीने लवादात जिंकलेला निवाडा आपल्या कोर्टांत नऊ वर्षं अडकला. ती भारताविरुद्ध दुसऱ्या लवादाकडे गेली, आणि 2011 मध्ये त्या दिरंगाईपायी भारताला 40 लाखांवर ऑस्ट्रेलियन डॉलर द्यायला सांगितलं गेलं. माझा भरपाईचा अर्ज सात वर्षं पडून आहे. दिरंगाई तीच, कोर्टकचेऱ्या त्याच, फक्त माझा पासपोर्ट चुकीचा.

वायंगणाचं, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताचं, बी राखून ठेवलंय. तेवढ्याआधी गाळ काढा.

पत्रासोबत पिशवीभर माती पाठवणार होतो. मुलगा म्हणाला, “बाबा, ते खनिज आहे. वाहतुकीचा परवाना लागेल.”

आपला,
डिचोलीचा एक शेतकरी