युनिफॉर्मच्या ट्रकपाशी उभ्या असणाऱ्या आजींना

आजी, नमस्कार.

तुम्हाला मराठी येत नाही, हे माहितीय. तरी मराठीतच लिहितेय, कारण इंग्लिशमध्ये मी थँक यू म्हणते आणि तिथेच गाडी थांबते, इतकी वर्षं टेक्ससमध्ये काढली तरी पोटातलं बोलायला मला माझीच भाषा लागते. लेक बसमध्ये तुमच्या शेजारी बसून हे वाचून दाखवणार आहे, तसं कबूल करून घेतलंय. आणि उघड लिहितेय ते इथल्या आपल्या मराठी लोकांनीही वाचावं म्हणून.

ऑक्टोबरमध्ये माझे बाबा सांगलीत घरातच पडले, खुब्याचं हाड मोडलं, मी तिसऱ्या दिवशी विमानात. नेमका लेकीच्या शाळेच्या बँडचा सीझन भरात होता. मार्चिंग बँड म्हणजे काय हे ज्यांच्या घरात नाही त्यांना सांगून पटत नाही, "बँड ना, वाजवायचं आणि चालायचं" असं तोंडावर म्हणतात. ऑगस्टच्या उन्हात, पारा ३८ च्या पुढे, पार्किंग लॉटवर यार्डच्या रेघा मारलेल्या असतात आणि पोरं सकाळपासून त्यावर चालतायत. ८ पावलात बरोब्बर ५ यार्ड, म्हणजे एकेक पाऊल साडेबावीस इंच, ना कमी ना जास्त. पुढे चालताना टाच आधी, मागे चालताना चवड्यावर, आणि वरचं अंग हलता कामा नये कारण हातात मेलोफोन, म्हणजे तुतारीसारखं पितळी वाद्य, आहे आणि ओठ त्याला लावलेला आहे. प्रत्येकाकडे पाण्याचा गॅलनचा जग, तो दुपारपर्यंत रिकामा. शाळा सुरू झाली की यूआयएलचा, म्हणजे टेक्ससमधल्या शाळांच्या स्पर्धा चालवणाऱ्या संस्थेचा, नियम लागतो, शाळेच्या वेळेबाहेरची प्रॅक्टिस आठवड्याला ८ तासांच्या वर न्यायची नाही, पण शुक्रवार रात्रीची फुटबॉल मॅच आणि शनिवारची स्पर्धा त्या ८ तासात धरत नाहीत, मग रविवारी पोरगी गणिताच्या वहीवर डोकं ठेवून झोपलेली दिसते.

आणि हे सगळं साधारण ८ मिनिटांच्या शोसाठी. त्या शोमध्ये प्रत्येक पोराची प्रत्येक सेटची, म्हणजे मैदानावरच्या प्रत्येक रचनेची, जागा ठरलेली असते, तिला डॉट म्हणतात. आमच्याकडे संध्याकाळी मी पोळ्या लाटायची आणि डॉटची कार्डं ओट्यावर, मी सेटचा नंबर म्हणायचा, तिने जागा सांगायची. "बावीस?" "साइड वन, पस्तीसच्या रेघेबाहेर ४ पावलं, पुढच्या हॅशच्या मागे ८." तिचे डॉट मला तिच्याइतकेच पाठ झाले होते.

पण आजी, तुमच्याशी बोलायचंय ते केसांचं.

तिचे केस कमरेखाली आहेत. माझ्या आईने लहानपणापासून तेल लावून वाढवलेले, आई गेली आणि नंतर ते कापायचा विषयच घरात निघाला नाही. शाको, म्हणजे बँडची उंच कडक टोपी, डोक्यावर घट्ट बसायला हवा, पट्टा हनुवटीखाली, कॉलरवर एक बट दिसता कामा नये, आणि एवढ्या केसांचा अंबाडा घातला तर शाको वर तरंगतो. म्हणून दोन बारीक वेण्या डोक्याला चपट्या गुंडाळायच्या, तीसेक पिना, पंचवीस मिनिटं. ते काम माझं. तिचे बाबा बाकी सगळं करतात, डबा, गाडी, काळे मोजे शोधणं, पण हे त्यांच्या हाताला जमत नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या गावात होतो, तिथल्या शाळेच्या बँडमध्ये ती नववीत. एका स्पर्धेला मला कामामुळे जाता आलं नाही. युनिफॉर्म बघायला उभ्या असलेल्या बाईंनी तिचं डोकं बघितलं आणि म्हणाल्या, टोपी बसत नाही, आज तू वर बस. बस्स. चौदा वर्षांची मुलगी पूर्ण युनिफॉर्ममध्ये स्टँडमध्ये एकटी बसून आपल्या डॉटची मोकळी जागा बघत होती. कोणी फोन नाही केला, कोणी एक पिन पुढे केली नाही. मी विचारलं तेव्हा ईमेलवर हँडबुकचा पान नंबर कळवला. दोन वर्षं झाली, अजून मनातून जात नाही. ती घरी येऊन म्हणाली होती "आई, कापूया का?" आणि मला उत्तर देता आलं नव्हतं.

आणि परक्यांचंच कशाला सांगू. आपल्याच ओळखीतले, दर सणाला भेटणारे, "काही लागलं तर हक्काने सांगा" म्हणणारे, रात्री साडेबाराला मुलीला शाळेवरून आणायचंय म्हटल्यावर गप्प झाले. एकाने वर विचारलं की एवढ्या वेळात कॉलेजप्रवेशाच्या एसएटीचा अभ्यास नसता झाला का. असो.

सॅन अँटोनिओची बँड्स ऑफ अमेरिकाची स्पर्धा शुक्रवारी होती. डॅलसच्या उत्तरेकडून बसने पाचेक तास, आमच्या बँडची वेळ दुपारी साडेचार, म्हणजे सांगलीत शनिवारचे पहाटेचे तीन. मी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बाकावर, फोनला चार्जर लावलेला, बाबा आत झोपलेले. माझ्या डोक्यात एकच, केसांचं काय झालं असेल. तिला विचारलं तर ती "होईल गं" म्हणाली होती, आणि ती "होईल गं" म्हणते तेव्हा काहीच झालेलं नसतं.

दोनच्या सुमाराला तुमचा मेसेज आला. फोटो होता, तिच्या चेहऱ्याचा नाही, डोक्याच्या मागच्या बाजूचा. दोन वेण्या, चपट्या, मानेवर एक केस नाही. पिना एका ओळीत, माझ्यापेक्षा सरळ. खाली तुम्ही लिहिलं होतं, केस बसले, आणि ती जेवलीय.

आजी, जेवलीय हे तुम्ही का लिहिलंत? ते तर कुणी विचारलं नव्हतं. नंतर लेकीकडून कळलं की खोक्यातली सगळी सँडविचेस टर्कीची होती, ती खात नाही हे तुमच्या लक्षात आलं, आणि तुम्ही तुमच्या डब्यातलं चीज सँडविच तिला दिलंत. वेण्या कशा घालायच्या ते आदल्या रात्री नातीच्या डोक्यावर दोनदा करून बघितलंत, हेही तिनेच सांगितलं. दोनशे पोरं, प्रत्येकाची बिबर म्हणजे खांद्यावर पट्टे असलेली पँट, जॅकेट, हातमोजे, मैदानाच्या तोंडाशी प्रत्येकाच्या शाकोत पिसाचा तुरा खोचायचा, परत आल्यावर मोजून काढून घ्यायचा, ह्या सगळ्यात तुम्ही एका आईला काय वाटत असेल तेवढा वेळ थांबून विचार केलात. मी त्या बाकावर पदराने तोंड दाबून रडले, नर्सने येऊन विचारलं पेशंट बरा आहे ना म्हणून.

मग अ‍ॅलामोडोम स्टेडियममधलं प्रक्षेपण सुरू झालं. कॅमेरा उंचावर, सगळ्यांचे शाको सारखे, चेहरा कुणाचाच ओळखू येत नाही. पण मला डॉट पाठ होते ना. पस्तीसच्या रेघेबाहेर ४ पावलं, तिथे एक ठिपका होता, तो माझा. बाविसाव्या सेटला तो बरोब्बर जागेवर आला आणि मेलोफोन वर गेले.

फायनलला नाही गेले. शंभरातले ६० गुण जनरल इफेक्टला, म्हणजे शोच्या एकूण परिणामाला, असतात, तिथे कमी पडले म्हणे, पोरं बसमध्ये रडली, मग झोपली. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

माणसाचा चांगुलपणा म्हणजे काहीतरी मोठं असतं असं मी समजायचे, कुणी पैसे दिले, कुणी नोकरी लावली असं. तुम्ही सत्तरीच्या, गुडघे दुखतात, स्वतःची नात बँडमधून पास होऊन गेली तरी तुम्ही दर शनिवारी त्या ट्रकपाशी, एप्रनच्या खिशात पिना, सुईदोरा, काळ्या मोज्यांचे जास्तीचे जोड. तुम्हाला कुणी पदक देत नाही, घोषणेत नाव घेत नाही. माझी आई असती तर तिने तुमच्या पायाला हात लावायला सांगितलं असतं. तिने वाढवलेले केस तुम्ही सांभाळलेत.

बाबा आता वॉकरने चालतात. मी परवा परत आले. तुमच्यासाठी सांगलीची हळद आणि बेदाणे आणलेत, आणि बारीक चिमट्यांची दोन पाकिटं, आपल्याकडच्या पिना केसात जास्त घट्ट बसतात. येत्या शनिवारी पहाटे सव्वापाचला मी ट्रकपाशी येतेय. लेकीच्या वेण्या तुम्हीच घाला, तिने तसं सांगितलंय. मी मोजे आणि हातमोजे वाटते, आणि खोक्यातली सँडविचेस कशाची आहेत ते आधी बघते.