वजन मोठ्याने वाचून दाखवू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वजनावरून होणारी चिडवाचिडवी ‘मुलेच ती, चालायचेच’ म्हणून सोडून दिली जाते. फार झाले तर वर्गात एक भाषण होते. ‘ढोल्या’, ‘भोपळा’, ‘काडीपैलवान’ या नावांना निमित्त मात्र अनेकदा शाळेचे रोजचे कामकाजच पुरवते. ते बदलणे शाळेच्या हातात आहे.

आधी वजनकाटा. आरोग्य तपासणीला अख्खा वर्ग रांगेत, एक शिक्षक आकडा पुकारतात, दुसरे लिहून घेतात. मधल्या सुट्टीपर्यंत त्या आकड्याचे टोपणनाव झालेले असते. वजन पडद्याआड, एकेका मुलाचे घ्यावे, आकडा न बोलता नोंदवहीत लिहावा आणि पालकांना बंद पाकिटातून कळवावा. प्रगतिपुस्तकात तो छापू नये. नुसत्या किलोंवरून काही ठरतही नाही. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, यासाठी मोठ्यांना लावतात त्या 25 (जास्त वजन) आणि 30 (लठ्ठपणा) या मर्यादा मुलांना लावणे सरळ चूक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या तक्त्यांत 5 ते 19 वर्षांच्या मुलांचा बीएमआय वय आणि लिंग पाहूनच वाचला जातो. वयात येताना कुणाची उंची आधी वाढते, कुणाचे वजन. स्टिरॉइड किंवा फिट्सवरचे सोडियम व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मुलाचे वजन औषधानेही वाढू शकते, आणि ते कारण वर्गाला सांगायला तो बांधील नाही.

खेळाच्या तासाला दोन कप्तान एकेक गडी मागून घेतात, तेव्हा शेवटी कोण उरणार हे सर्वांना आधीच ठाऊक असते. एक-दोन, एक-दोन मोजून संघ पाडले तर मुले रांगेत सरकून आपापली टोळी जमवतात. म्हणून शिक्षकांनी यादी आदल्या दिवशीच करावी. शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या तर कुणालाच नकोत. ‘तुला गरजच आहे’ असे म्हणून दिलेली फेरी म्हणजे शिक्षकानेच चिडवण्याला दिलेली परवानगी. गणवेशाची मापे एकेकट्याने घ्यावीत. नाटकात खादाडाची भूमिका दर वेळी जाड मुलाच्याच वाट्याला का येते, हेही एकदा तपासावे.

‘चिडवले की लाजून तरी वजन कमी करेल’ हा समज मोठ्यांतही घट्ट आहे. अमेरिकेत 110 मुलांचा अनेक वर्षे मागोवा घेणाऱ्या, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उलटेच दिसले: वजनावरून जास्त चिडवल्या गेलेल्या मुलांचे वजन इतरांपेक्षा अधिक वेगाने वाढले. यावरून चिडवणे हेच कारण होते असे सिद्ध होत नाही, पण चिडवण्याचा फायदा होतो म्हणायलाही जागा उरत नाही. चिडवले गेलेले मूल मैदान टाळते, चारचौघांत डबा उघडत नाही आणि मग एकांतात बकाबका खाते.

प्रसंग घडताना पाहिला तर शिक्षकाने तिथल्या तिथे एकच वाक्य बोलावे: ‘या वर्गात कुणाच्या शरीरावर बोलायचे नाही.’ आणि धडा पुढे न्यावा. ‘तो काही एवढा जाड नाही’ अशी बाजू घेतली की चर्चा पुन्हा त्याच्या अंगावरच रेंगाळते. दोघांना समोरासमोर बसवून हस्तांदोलन करवू नये. त्या मुलाला सगळे पुन्हा ऐकावे लागते आणि बाहेर पडल्यावर त्याचा वचपा काढला जातो. दोघांशी वेगवेगळे, त्याच दिवशी बोलावे. नेमके शब्द, जागा, वेळ आणि आजूबाजूला कोण होते हे लिहून ठेवावे. बघे महत्त्वाचे: कॅनडातल्या शाळांच्या मैदानांवर केलेल्या, 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणात सोबतची मुले मध्ये पडली, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा दादागिरी 10 सेकंदांत थांबली. मात्र मध्ये पडणारी मुले थोडीच होती. अंगावर धावून जायला कुणी सांगत नाही. ‘चल, आपण जाऊ’ म्हणत त्या मुलाला तिथून बाजूला नेणे वर्गात सराव करून शिकवता येते. आठवड्याने आणि पुन्हा महिन्याने चौकशी करावी, कारण वर्गात थांबलेले चिडवणे बसमध्ये आणि मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये चालू राहते.

पालकांना बोलावले तर सुरुवात आहाराच्या सल्ल्याने नको. तक्रार चिडवण्याची आहे. आणि अशा मुलाचे वजन झपाट्याने उतरले तर ‘छान बारीक झालीस’ म्हणू नये. जेवण टाळणे, जेवताच स्वच्छतागृहात जाणे, चक्कर येणे, मुलीची पाळी थांबणे यांपैकी काही दिसले तर पालकांना त्याच दिवशी कळवून डॉक्टरांकडे जाण्यास सांगावे.

आपले,
काही शालेय समुपदेशक व बालरोगतज्ज्ञ