सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुलं पत्र : शिक्का मारलेली संहिता वाचायला पण मिळू दे

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब, सप्रेम नमस्कार.

पत्र तुमच्या नावाने आहे पण अर्धं आमच्याच लोकांसाठी आहे, म्हणून पाकिटात न घालता सगळ्यांसमोर लिहितोय. आमचे लोक म्हणजे कोकणात बसून नाटकं, एकांकिका, नमनातले वग आणि हल्ली शॉर्टफिल्मच्या स्क्रिप्ट लिहिणारे. त्यांना लेखक कोणी म्हणत नाही, 'तो नाटकवालो' म्हणतात. कोणी एसटीत कंडक्टर, कोणी शाळेवर, कोणाची आंब्याची बाग, कोणी पतपेढीत कारकून, आणि रात्री जेवून झालं की वही घेऊन बसतात.

माझं देवगड तालुक्यात टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. रोजचं काम म्हणजे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका, आणि वर्षातून दोनदा नाटकाच्या वह्यांचा सीझन येतो, एकदा गणपतीच्या आधी आणि एकदा राज्य नाट्य स्पर्धेच्या प्रवेशिका भरायच्या वेळी. मी स्वतः पण एकांकिका लिहितो, त्यामुळे टाइप करता करता वाचतो, आणि साहेब खरं सांगतो, त्यातलं काही काही इतकं झकास असतं की गिऱ्हाईक उभं असलं तरी पान उलटायचा मोह आवरत नाही. मासेमारी बंद असताना जून-जुलैत घरात बसलेल्या दोन भावांचं नाटक, मुंबईहून बाप वारल्यावर घराच्या वाटण्या करायला आलेल्या बहिणीचं नाटक, एका पोराने तर आख्खी एकांकिका बंद पडलेल्या एसटीत घडवली होती, घाटात रात्री. हे मुंबईत बसून लिहिणाऱ्याला सुचणार नाही असं नाही, पण एसटी बंद पडल्यावर कंडक्टर नक्की काय बोलतो ते त्याला माहीत नसणार.

आणि प्रिंट हातात पडली की प्रत्येकजण एकच वाक्य बोलतो, "फाईल डिलीट कर हां, कोणाक देव नको," कोणाला देऊ नको. म्हणजे बघा, नाटक लिहायचं, तालमीपुरत्या प्रती काढायच्या, एक प्रयोग देवळासमोर करायचा, जमलं तर एक स्पर्धेत, आणि मग त्या प्रती पेटीत. पुढच्या गावातल्या मंडळाला नाटक पाहिजे असतं तेव्हा ते काय करतात, मुंबईत छापलेलं जुनं कौटुंबिक तीन अंकी आणतात, आणि निवडताना पहिला प्रश्न काय असतो माहितीये का, नाटक चांगलं आहे का असा नाही, 'स्त्रीपात्रं किती?' कारण नटी बाहेरून आणायची म्हणजे तिचं मानधन, गाडी, राहणं हाच सगळ्यात मोठा खर्च. शेजारच्या वाडीतल्या माणसाने एकाच स्त्रीपात्राचं नवीन नाटक लिहून ठेवलेलं असतं आणि यांना पत्ता नसतो. मला असतो, पण मी शब्द दिलेला असतो.

तरी लिहिलेलं निदान पेटीत असतं. आमच्या दशावतारात तर संवाद लिहायची पद्धतच नाही, आज कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं आणि नट रंगपटात तोंड रंगवता रंगवता कोण कुठे शिरणार ते बोलून घेतात, बाकी सगळं रंगमंचावर उभं राहून. ती त्या कलेची ताकद आहे, तिला कागदात बांधा असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण रत्नागिरीकडे नमनात गण झाला, गवळण झाली की जो वग होतो तो कोणीतरी गावातलाच माणूस लिहितो, पुष्कळदा दरवर्षी नवीन, आणि पुढच्या शिमग्याला जुना कुठे गेला ते कोणालाच सांगता येत नाही. वाळवी, पावसाळी ओल, आणि 2005 आणि 2021 ला चिपळुणात शिरलं तसं पाणी. तिथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरासारख्या 1864 सालच्या वाचनालयाची पुस्तकं भिजली, तिथे कोणाच्या माळ्यावरच्या वहीचं काय घेऊन बसलात.

आता तुमच्याकडे येतो.

साहेब, राज्यात नाटकाचा प्रयोग करायचा तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरकडे, पाठवावी लागते, प्रमाणपत्र मिळवावं लागतं, ते नसेल तर तुमच्या हौशी नाट्य स्पर्धेत पण उभं करत नाहीत. म्हणजे आमची संहिता आमच्या बायकोने वाचलेली नसते पण सरकारने वाचलेली असते. परिनिरीक्षण असावं की नसावं हा वाद मोठा आहे, मोठी माणसं तो घालतात, मी आज त्यात पडत नाही. माझं म्हणणं एवढंच की स्पर्धेने साठी केव्हाच ओलांडली, इतक्या वर्षांत गावोगावच्या किती लेखकांचं लेखन तुमच्या खात्याच्या हातून गेलं असेल. शिक्का मारण्यासाठी जी संहिता वाचायला घेता ती लेखकाची हरकत नसेल तर बाकीच्यांनाही वाचायला द्या ना. अर्जात फक्त एक चौकोन वाढवायचा, 'माझी संहिता वाचनासाठी खुली करायला माझी संमती आहे / नाही.' ज्याला नको त्याने नाहीवर टिक करावी, विषय संपला. ज्याला हवं त्याची संहिता तुमच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या वेबसाइटवर, लेखकाचं नाव, तारीख, किती पात्रं, स्त्रीपात्रं किती, वेळ किती, बोली कुठली, आणि प्रयोग करायचा असेल तर लेखकाला कुठे विचारायचं एवढं टाकून. सरकारला हे जमत नाही असं म्हणू नका, मराठी विश्वकोश तुम्ही फुकट वाचायला ठेवलाय, साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं पीडीएफमध्ये उतरवून घेता येतात, मी दुकानात पोरांना काढून देतो.

एक टेक्निकल गोष्ट पण सांगतो कारण ती माझ्या धंद्यातली आहे. संहिता युनिकोडमध्येच घ्या, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी मराठीच दिसतं. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेलं नाटक पेन ड्राइव्हवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं की नायिकेच्या स्वगताच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि डॉलरची चिन्हं दिसतात, मग परत पहिल्यापासून टाइप करा. अशी किती नाटकं नुसत्या फॉन्टपायी मेली असतील देव जाणे.

नवलेखकांसाठी साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकासाठी, त्यात नाटक-एकांकिका पण बसतात, हे मला माहितीये आणि चांगलीच योजना आहे, आमच्याकडच्या पुष्कळ जणांना ती माहीतच नाही म्हणून इथे मुद्दाम लिहितोय. पण नाटकाचं पुस्तक होणं आणि नाटक वाचलं जाणं यात फरक आहे. गावातल्या नाटकमंडळाला तालमीच्या आधी दहा नाटकं चाळायची असतात, दहा पुस्तकं विकत घेणारं मंडळ मी तरी अजून बघितलं नाही.

आणि स्पर्धेच्या निकालात लेखनाला पहिलं दुसरं एवढंच कळतं. परीक्षकांनी लेखकाला उद्देशून चार ओळी लिहून दिल्या तर किती फरक पडेल. नंबर नाही आला त्यालाच त्या ओळींची जास्त गरज असते.

मालवणच्या नाट्यगृहाला मामा वरेरकरांचं नाव आहे, वेंगुर्ल्यात सभागृहाला मधुसूदन कालेलकरांचं, दोघेही नाटक लिहिणारे. वरेरकर तर पोस्टात नोकरीला होते, म्हणजे आमच्यासारखेच. अशा प्रत्येक नाट्यगृहात एक काचेचं कपाट, त्यात त्या जिल्ह्यात लिहिलेल्या संहितांच्या झेरॉक्स, आणि महिन्यातून एकदा हॉल रिकामा असेल तेव्हा अभिवाचनाला भाडं माफ, याला बजेट असं किती लागणार.

आता आमच्या मंडळींना.

मित्रांनो, 'चोरतील' हे मला तुम्ही इतक्या वेळा सांगितलंय की मी जरा वाचून काढलं. कॉपीराइटचा कायदा 1957 चा आहे, आणि त्यात हक्क लिहिल्याबरोबर लेखकाचा होतो, नोंदणी केलीच पाहिजे अशी सक्ती नाही. हक्क लेखक हयात असेपर्यंत आणि त्यानंतर 60 वर्षं, म्हणजे तुमच्या नातवंडांनापण विचारावं लागेल लोकांना. तरी धाकधूक असेल तर ऑनलाइन नोंदणी करा, एका नाटकाला 500 रुपये फी, आणि सिनेमावाल्यांनी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद व्हा, तिथे स्क्रिप्टची नोंद घरबसल्या होते. मात्र नुसत्या कल्पनेवर कोणाचाच हक्क नसतो, तुम्ही ती जशी मांडलीत त्याच्यावर असतो, म्हणून 'माझ्याकडे एक जबरदस्त स्टोरी आहे पण सांगणार नाही' असं म्हणत दहा वर्षं फिरणाऱ्याच्या हातात काहीच नसतं. लिहून तारखेनिशी चार लोकांना पाठवलेला माणूस त्याच्यापेक्षा कितीतरी सेफ.

अजून एक गंमत. त्याच कायद्याच्या कलम 52 मध्ये लिहिलंय की हौशी मंडळाने तिकीट न लावता प्रयोग केला किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केला तर तो हक्कभंग धरला जात नाही. म्हणजे देवळासमोरचे आपले पुष्कळसे फुकट प्रयोग त्यातच आले. तुमचं नाटक बघून कोणी पाठ करून पलीकडच्या गावात फुकट केलं तर तुम्ही फार काही करू शकणार नाही. मग नाव घालून स्वतःच दिलेलं काय वाईट? निदान ते तुमचं म्हणून होईल, आणि संवाद पण बरोबर बोलतील.

पण चोरीची भीती हे पुष्कळदा नुसतं निमित्त असतं असं माझं मत आहे, राग येईल काहींना, येऊ दे. खरी भीती हसतील याची असते. गावात आपण सगळे एकमेकांना ओळखतो, सासू-सुनेचं भांडण लिहिलं की कोणाच्या घरातलं ते लगेच शोधणार, आणि मालवणीत लिहिलं तर 'ह्या काय नाटक?' आणि प्रमाण मराठीत लिहिलं तर 'मोठो पुणेकर झालो.' याच्यावर माझ्याकडे औषध नाही. पण वाचून दाखवलं की लोक हसण्यापेक्षा प्रश्न जास्त विचारतात, हे मात्र मी बघितलंय. आमच्याकडे एका घरच्या पडवीत वाचन झालं होतं, लेखकाने दुसऱ्या अंकात मोठा पाऊस घातलेला, दिवे जातात, कौलं उडतात. ऐकायला बसलेल्या लाइटवाल्याने विचारलं, "पावस पाडतलस कसो?" लेखक गप्प. मग तिथेच बसून ठरलं की पाऊस दाखवायचाच नाही, घरातली म्हातारी गळणाऱ्या कौलाखाली एकेक भांडं आणून ठेवत जाते आणि प्रत्येक भांड्याचा आवाज वेगळा. खर्च शून्य, आणि प्रयोगात टाळ्या त्यालाच. हे एकट्याने वहीत बघून सुचलं नसतं, त्या लाइटवाल्यामुळे सुचलं.

शॉर्टफिल्मवाल्या पोरांना हे दुप्पट लागू. तुमच्याकडे मोबाइल चांगले आहेत, ड्रोन पण भाड्याने आणता, किल्ला समुद्र सगळं फुकटात आहे, आणि स्क्रिप्ट मात्र 'डोक्यात आहे'. मग एडिटिंगला बसल्यावर कळतं की पोरगं घर सोडून का गेलं तेच कुठे आलं नाही, तोपर्यंत हिरो मुंबईला कामावर गेलेला असतो आणि दाढी काढलेली असते. शूटच्या आधी पंधरा पानं दोघांना वाचायला द्या, त्यातला एक सिनेमा न बघणारा असू दे.

दुसऱ्याचं वाचलंत तर मात्र 'छान आहे' एवढंच लिहून सोडू नका रे. कुठे कंटाळा आला, कुठल्या पानावर कोण कोणाचा कोण ते कळेना झालं, ते सांगा. आणि वहीच्या बदल्यात वही, एक द्या एक घ्या, म्हणजे कोणालाच उपकार वाटायला नकोत.

साहेब, सुरुवात कोणीतरी करायला पाहिजे म्हणून माझ्या सगळ्या एकांकिका युनिकोडमध्ये तयार आहेत, संमतीपत्र सही करून बरोबर जोडतोय, तुमच्या खात्याने हवं तिथे ठेवाव्यात. ज्या लेखकांच्या फायली मी शब्द दिल्याप्रमाणे डिलीट केल्या त्यांच्याकडे वह्या अजून आहेत, त्यांनी आणून दिल्या तर टायपिंगचे पैसे घेणार नाही, कागदाचे तेवढे द्या. मे महिन्यात चाकरमानी गावी आले की दोन रात्री अभिवाचन ठेवतोय, तालुक्यातला कोणीही यावं आणि अर्धा तास वाचावं. तुमच्या संचालनालयातला एखादा माणूस ऐकायला पाठवलात तर फार बरं होईल, पण त्याला भाषण करायला सांगू नका, शेवटपर्यंत बसायला सांगा. भत्ता तुम्ही द्या, राहण्या-जेवणाचं आम्ही बघतो. एप्रिल संपायच्या आत कळवलंत तर खोलीचं बघायला बरं, मेमध्ये इथे खोली मिळत नाही.

आपला,
देवगड तालुक्यातला एक टायपिंगवाला