लॉगिन अडलं म्हणून लगेच फॉरमॅट मारू नका

संपादक महोदय,

तुमच्या टेक्नॉलॉजीच्या पानावर नुसते मोबाईलच असतात, लिनक्सवाल्यांसाठीही (लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टीम) थोडी जागा द्या ही कळकळीची विनंती. माझ्या जुन्या ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ग्नोम हा लिनक्सचा डेस्कटॉप जड व्हायला लागला म्हणून एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप टाकला, रिस्टार्ट केला, पासवर्ड बरोबर टाकला तरी स्क्रीन क्षणभर काळी व्हायची आणि परत लॉगिनवरच. पासवर्ड चुकला असता तर तसा मेसेज आला असता, इथे काहीच नाही. दुकानदार म्हणाला फॉरमॅट करा, पण मुलीचा सगळा प्रोजेक्ट त्यात होता हो! शेवटी कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबलं, नुसत्या कमांड टाइप करायचा काळा पडदा आला, त्यावर तोच पासवर्ड चालला, तिथेच अर्धा जीव भांड्यात पडला. डिस्क भरल्यामुळे अडलंय का ते पाहिलं, तर ती भरलेली नव्हती, पण होम फोल्डरमधल्या डॉट-एक्सऑथॉरिटी (.Xauthority, डेस्कटॉप उघडताना लागणारी परवानगीची फाइल) फाइलचा मालक रूट, म्हणजे सिस्टीमचा मुख्य ॲडमिन, झालेला, कारण मधे मी सुडो (ॲडमिनच्या अधिकाराने चालवायची कमांड) लावून स्टार्टएक्स, म्हणजे डेस्कटॉप सुरू करायची कमांड, चालवली होती. सुडो चोन (chown, फाइलचा मालक बदलायची कमांड) करून ती फाइल स्वतःच्या नावावर केली, रीबूट केलं आणि डेस्कटॉप उघडला. प्रोजेक्ट जसाच्या तसा. एवढी माहिती छापलीत तरी कितीतरी जणांचा डेटा वाचेल.

– एक नियमित वाचक, सातारा